नवस बोलतं ते मन



आषाढी एकादशीचा उपवास सोडला, की आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणांची रांगच लागते. श्रावणातले सोमवार, मंगळागौर, जिवतीचे शुक्रवार, मग हरितालिका, गौरी, नवरात्राचे नऊ दिवस आणि मार्गशीर्षातले गुरुवार. मधेच कुणाचे सोळा सोमवार, कुणाचे वैभवलक्ष्मीचे शुक्रवार, तर कुणाचं पारायण. घरातल्या पुरुषाला यातलं काय ठाऊक असतं? 'आज साबुदाण्याची खिचडी आहे' एवढंच! घरातलं देवाचं खातं बहुतेक ठिकाणी बाईकडेच असतं.

आपल्या या खात्याबद्दल बोलणारे लोकही दोन तऱ्हेचे भेटतात. एक म्हणतात, "बायका म्हणजे अंधश्रद्धाळूच, शिकल्या तरी फरक नाही." दुसरे म्हणतात, "श्रद्धेचा विषय आहे, प्रश्न विचारायचे नाहीत." पहिले हसून मोकळे होतात, दुसरे दटावून मोकळे होतात. तिनं नवस बोलला तेव्हा तिच्या मनात काय चाललं होतं, हे दोघंही विचारत नाहीत.

देव आहे की नाही, या वादात मला आज शिरायचं नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण माणसाचं मन विश्वास कसं ठेवतं, कशामुळे ठेवतं आणि तोच विश्वास कधी आधार होतो, कधी गळफास होतो, हे मात्र आपण प्रत्येकीनं समजून घ्यायला हवं. कारण या विश्वासावर फक्त उपवास आणि उद्यापनं चालत नाहीत. आजारी पोराला कुठे न्यायचं, दागिना मोडायचा की नाही, असे निर्णयसुद्धा त्यावरच होतात.

सुरुवात भीतीपासून करू. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की नावाचा एक मोठा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिला होता. तिथले लोक दोन प्रकारे मासेमारी करत. एक बेटाच्या आतल्या शांत, उथळ पाण्यात. तिथे धोका नव्हता आणि मासे हमखास मिळत. दुसरी भर समुद्रात. तिथे वादळ कधी येईल याचा नेम नव्हता आणि मासे मिळतील की रिकाम्या हातानं परतावं लागेल, हेही सांगता येत नव्हतं. मॅलिनोव्स्कीला दिसलं, की शांत पाण्यात जाताना हे लोक कसलाही मंत्रतंत्र करत नसत. भर समुद्रात जायचं असलं की मात्र सगळे विधी काटेकोरपणे पाळत. माणसं तीच आणि त्यांची अक्कलही तीच. फरक होता तो पाण्याचा.

आता आपल्याकडे बघा. रोजची भाकरी थापताना कुणी नवस बोलतं का? नाही. ती येतेच, हे हाताला ठाऊक असतं. नवस बोलला जातो तो पोटात मूल राहत नाही म्हणून, पाऊस ओढ देतो म्हणून, मुलीला स्थळ सांगून येत नाही म्हणून, नवऱ्याची दारू सुटत नाही म्हणून. पावसानं दडी मारली की गावात धोंडी निघते, धो-धो बरसत असताना निघत नाही. जिथे आपला हात पोचत नाही, तिथे हात जोडले जातात.

मग बायका जास्त का जोडतात, याचंही उत्तर यातच आहे. छोट्या गावातल्या बाईचं आयुष्य म्हणजे भर समुद्रच की. लग्न कुणाशी हे दुसऱ्यानं ठरवायचं. घराचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर. नवऱ्याची बदली, दिराची वाटणी, सासऱ्यांचं आजारपण, यातलं काहीच तिच्या हाती नसतं, पण परिणाम सगळे तिच्यावर. अशा वेळी एक गोष्ट तरी पूर्णपणे तिच्या ताब्यात असते. ती उपवास धरू शकते. तो तिचा स्वतःचा असतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. उलट घरचेही 'आज तिचा उपास आहे' म्हणून चार शब्द कमी बोलतात. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, तसंच आहे हे.

आणि हा आधार अगदीच खोटा नसतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २००६ साली इस्रायल आणि लेबनॉनमध्ये युद्ध झालं, तेव्हा उत्तर इस्रायलमधल्या ज्यू स्त्रिया धर्मग्रंथातली स्तोत्रं म्हणत होत्या. संशोधकांनी पुढे त्यांचा अभ्यास केला. रॉकेटांच्या छायेत जिथल्या तिथे राहिलेल्या स्त्रियांना स्तोत्रपठणानं चिंता कमी व्हायला मदत झाल्याचं त्यांना आढळलं. ज्या दुसरीकडे राहायला गेल्या होत्या आणि ज्यांच्यापुढे रोजच्या, हातातल्या अडचणी होत्या, त्यांच्या बाबतीत मात्र हा उपयोग दिसला नाही. स्तोत्रामुळे रॉकेट थांबलं नाही, पण बाईचा जीव थोडा थाऱ्यावर आला. आपल्या आज्या संध्याकाळी दिवा लावून शुभंकरोती म्हणायच्या, तेव्हा वेगळं काय होत होतं? दिवसभराची धावपळ दहा मिनिटं थांबायची आणि मन शांत व्हायचं. यात हसण्यासारखं काही नाही.

अडचण पुढे सुरू होते. मनाला बरं वाटलं इथपर्यंत ठीक. पण मन तिथे थांबत नाही. ते लगेच कारण जोडतं. 'मी नवस बोलले म्हणून झालं.' स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली एक गंमतशीर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानं उपाशी कबुतरांना पिंजऱ्यात ठेवलं आणि ठरावीक वेळानं आपोआप दाणे मिळतील अशी सोय केली. कबुतरानं काहीही करो वा न करो, दाणे येणारच. पण झालं काय, की आठांपैकी सहा कबुतरांनी आपापलं 'व्रत' सुरू केलं! एक गोल गोल फिरू लागलं, एक सारखं कोपऱ्यात मान घालू लागलं, कुणी लंबकासारखी मान हलवू लागलं. पहिल्यांदा दाणे आले तेव्हा ते जे काही करत होतं, त्यामुळेच दाणे आले असं जणू त्याच्या डोक्यात बसलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की कावळ्याच्या वजनाचा महिमा वाढतो.

आपण काही कबुतरं नाही, पण मनाची ही खोड आपल्यातही आहे. शिवाय आपण मोजतो तेही अर्धवट. 'अमुक देव नवसाला पावतो' असं म्हणतो, तेव्हा पावलेल्यांचीच यादी आपल्यासमोर असते. ही गोष्ट फार जुन्या काळी एका ग्रीक माणसाच्या लक्षात आली होती. डायगोरस त्याचं नाव. रोमन लेखक सिसेरोनं त्याची हकिगत लिहून ठेवली आहे. एका मित्रानं त्याला देवळातली चित्रं दाखवली. समुद्रातल्या वादळात नवस बोलून वाचलेल्या लोकांनी ती वाहिली होती. मित्र म्हणाला, "बघ, देव किती जणांना वाचवतो!" डायगोरसनं विचारलं, "आणि जे नवस बोलूनही बुडाले, त्यांची चित्रं कुठे आहेत?" आपल्या देवळांतही पाळणे टांगलेले दिसतात ते मूल झालेल्यांचे. जिची ओटी रिकामी राहिली, ती बिचारी कुठे काय टांगणार? ती गप्प बसते, आणि वर 'तुझ्या भावातच काहीतरी कमी असेल' हेही तिलाच ऐकावं लागतं.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबा. झालं तर देवानं केलं आणि नाही झालं तर बाईचा दोष. विटाळ झाला असेल, पोथी अर्धवट राहिली असेल, उपवासाला आंबट खाल्लं असेल. १९७५ साली 'जय संतोषी माँ' चित्रपट आला आणि गावोगावी बायका सोळा शुक्रवार करू लागल्या. त्या व्रतात आंबट चालत नाही. चुकून चिंचेचं बोट चाटलं गेलं म्हणून रडणाऱ्या, घाबरून पुन्हा पहिल्यापासून शुक्रवार धरणाऱ्या बायका आपल्यापैकी अनेकींनी पाहिल्या असतील. जी गोष्ट मनाची भीती घालवायला धरली, तिचीच नवी भीती बसली.

भीतीचा हा धंदा ओळखायला शिका. आठवतं का, पूर्वी घरी निनावी पोस्टकार्ड यायचं? 'अमुक देवाचा चमत्कार झाला, अशी अकरा कार्डं लिहून पाठवा, लाभ होईल. पत्र फाडलं त्याचा मुलगा गेला.' शिकलेली माणसंसुद्धा गुपचूप अकरा कार्डं आणायची. विश्वास असायचा असं नाही, पण 'उगीच विषाची परीक्षा कशाला?' हा हिशेब असायचा. आज पोस्टकार्ड गेलं आणि तेच पत्र मोबाइलवर येतं. 'अकरा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत शुभ वार्ता कळेल.' आणि आपलं बोट पुढे सरकतंच. साधन बदललं, मन तेच राहिलं. आपल्या पोरांना संकटात टाकणारा देव कुठल्या आईला पटेल, एवढाच प्रश्न त्या क्षणी स्वतःला विचारला तरी बोट थांबेल.

दुसरं बळ असतं 'सगळे करताहेत' याचं. २१ सप्टेंबर १९९५ चा दिवस ज्यांना आठवतो, त्यांना वेगळं सांगायला नको. पहाटे दिल्लीकडे बातमी उठली, की गणपती दूध पितोय. मोबाइल घरोघरी नव्हते, तरी फोनाफोनीतून दुपारपर्यंत देशभर आणि परदेशातल्या देवळांतही रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी त्याच दिवशी रंगीत दूध वापरून दाखवलं, की द्रवाच्या पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीला टेकताच ओढलं जातं आणि पातळ थरानं खाली ओघळतं. ओल्या पांढऱ्या दगडावर ते दिसत नाही, इतकंच. पण तोवर हजारो लिटर दूध वाहून गेलं होतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या भरायला धावले. पावसाळ्यात नदीचं पाणी मिसळून खारटपणा कमी झालेला. पाणी घाण आहे, पिऊ नका, असं अधिकारी ओरडून सांगत होते, तरी लहान मुलांना ते पाजलं गेलं. शेजारीण गेली, जाऊबाई गेली, मग आपणच मागे का राहायचं? एकटीचं मन शंका घेतं. गर्दीत मिसळलं की शंका घरी ठेवून येतं.

पण याच एकत्र येण्याची दुसरी बाजू फार सुंदर आहे. एमिल दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९१२ साली लिहिलं, की माणसं एका भावनेनं एकत्र जमली की त्यांच्यात एक वेगळंच चैतन्य संचारतं आणि धर्माचं मूळ तिथे आहे. वारीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणारी म्हातारी बघा. एरवी घरात तिला 'आई, तुम्ही बसा' याशिवाय कुणी काही म्हणत नाही. आळंदी ते पंढरपूर मात्र ती 'माउली' असते. फुगडी घालते, मोठ्यानं गाते. भजनी मंडळात, मंगळागौरीच्या खेळांत, हळदीकुंकवात कितीतरी जणींना पहिल्यांदा मैत्रिणी मिळतात. अर्थात याच हळदीकुंकवातून विधवेला वगळलं जातं, तेव्हा ते एकत्र येणं उरत नाही, तो अपमान होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा गावानं देव सोडला नव्हता. देवाच्या नावावर चाललेला अन्याय सोडला होता.

आता एका नाजूक विषयाला हात घालते. अंगात येणं. ढोलाचा ठेका, धुपाचा वास, पोटात उपवास, भोवती गर्दी, आणि एखादी बाई घुमू लागते. ती नेहमी नाटक करते असं मुळीच नाही. मनाचा एक भाग सुटा होऊन बोलू लागतो, अशी अवस्था मानसशास्त्राला चांगली ठाऊक आहे. पण ती बोलते काय, हे कधी कान देऊन ऐकलंत का? आय. एम. लुइस या अभ्यासकाला सोमालियात दिसलं, की तिथल्या स्त्रियांना 'सार' नावाचं भूत लागतं आणि ते नवऱ्याकडे नवे कपडे, अत्तरं, गोडधोड मागतं! जी गोष्ट बायको म्हणून मागता येत नव्हती, ती भुताच्या तोंडून मागता येत होती. आपल्याकडेही बाईच्या अंगात 'ती' आली, की सासू पाया पडते, नवरा मान खाली घालून 'चुकलं' म्हणतो. वर्षभर जिच्या शब्दाला किंमत नव्हती, तिचा शब्द तासभर आज्ञा होतो. जिचं म्हणणं रोजच्या रोज ऐकलं जातं, तिला घुमावं लागत नाही, असं मला तरी महिला मंडळाच्या कामात वारंवार वाटलं आहे. म्हणून घुमणाऱ्या बाईला हसूही नका आणि तिची ओटी भरून पुन्हा विसरूही नका. दुसऱ्या दिवशी ती शांत झाल्यावर शेजारी बसा आणि विचारा, "काय होतंय गं तुला?"

आणि काही वेळा ते खरंच दुखणं असतं. आमच्या बचत गटातल्या एका भगिनीच्या मुलीला फिट यायच्या. एका बाबानं अंगारा दिला आणि अट घातली, की गोळ्या बंद करा, नाहीतर अंगारा लागू पडणार नाही. गोळ्या बंद झाल्या. महिन्याभरात मुलगी चुलीजवळ असतानाच फिट आली आणि हात भाजला. त्या आईला आम्ही बाबाबद्दल काही बोललो नाही. बोललो असतो तर ती आमच्याकडे यायची थांबली असती. एवढंच सांगितलं, की अंगारा कपाळाला लाव आणि गोळी पोटात दे, दोघांचं भांडण नाही. मुलगी पुढे दहावी झाली.

या वाटेनं जाणारे इतरही आहेत. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. दर्ग्यात येणाऱ्या मनोरुग्णांना तिथले मुजावरच डॉक्टरकडे पाठवू लागले. प्रार्थनाही चालू, औषधही चालू. याच्या उलट उदाहरण तामिळनाडूतल्या एरवाडीचं. ६ ऑगस्ट २००१ ला तिथे आग लागली आणि साखळीनं बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यानं जळून मेले. 'बरं व्हावं' म्हणून घरच्यांनीच त्यांना तिथे आणून सोडलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळदंड घालायला बंदी केली आहे.

मग एवढं होऊनही माणसं बाबाला का सोडत नाहीत? १९५४ साली अमेरिकेत एका बाईनं भाकीत केलं, की २१ डिसेंबरला महापूर येणार आणि आपल्या भक्तांना परग्रहावरचे लोक वाचवणार. काही भक्तांनी नोकऱ्या सोडल्या. पूर आला नाही. आता तरी डोळे उघडतील असं आपल्याला वाटेल; पण ज्यांनी सर्वाधिक सोडलं होतं, त्यातले काही अधिकच हिरिरीनं प्रचार करू लागले. 'आपल्या भक्तीमुळेच जग वाचलं' असं ते म्हणू लागले. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह यावर १९५६ साली पुस्तक लिहिलं. ज्या गोष्टीसाठी आपण दागिने मोडले, माहेर तोडलं, ती खोटी होती हे मान्य करणं मनाला फार जड जातं. म्हणून फसलेल्या बाईला 'मूर्ख' म्हणू नका. त्यानं ती बाबालाच घट्ट धरते. तिला परतायला लाज वाटणार नाही, असं दार उघडं ठेवा.

आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली. साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, मूल होण्याचं आमिष दाखवून स्त्रीशी संबंध ठेवणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, हे सगळं या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. आणि हेही लक्षात ठेवा, की पूजा, हरिपाठ, कीर्तन, वारी यांना हा कायदा हात लावत नाही. 'हा कायदा धर्माविरुद्ध आहे' असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याचं दुकान कसलं आहे ते आधी बघा.

तर सख्यांनो, व्रत धरा किंवा सोडा, ते तुमच्यावर. पण कुठल्याही देवाच्या माणसापुढे हात जोडण्याआधी चार प्रश्न मनाला विचारा. इथून उठताना मला धीर आला की धास्ती? हे मला औषध, शाळा, नोकरी किंवा माझी माणसं सोडायला सांगतात का? इथे काय घडतं ते मी नवऱ्याला, मुलीला, मैत्रिणीला उघडपणे सांगू शकते का? आणि मी उद्या येणं थांबवलं, तर मला शाप मिळेल की शुभेच्छा? चारपैकी एकाचंही उत्तर खटकलं, तर चप्पल घाला आणि घरी या. देव कुठे जात नाही, तो तुमच्या देव्हाऱ्यात आहेच.

मन फारच खचलं असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक लक्षात ठेवा. फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. दिवा लावायच्या आधी फोन करा किंवा नंतर करा, पण करा. आणि शेजारची कुणी सारखी सारखी नवस बोलताना दिसली, तर तिला एकदा चहाला बोलवा. देवाला सांगायचं तिनं देवाला सांगितलं असेलच. माणसाला सांगायचं अजून राहिलं असेल.